रिम तीच, टायर कोणता?

कोरेगावच्या पेठेत धान्य, कापड, खते वा भुसार यांचा व्यापार करणाऱ्या घराण्यांत वाहनाचा प्रश्न पूर्वी फारसा गुंतागुंतीचा नव्हता. माल ट्रकने जाई. माणसे एस.टी.ने किंवा पुणे–मिरज मार्गावरील रेल्वेने जात, आणि आडगावी वसुलीला निघायचे झाल्यास वडापची जीप गाठली जाई. आता चित्र बदलले आहे. अनेक घरांच्या दारात चारही चाकांना इंजिनाची शक्ती पोहोचविणारे, म्हणजे बोलीभाषेतील ‘फोर बाय फोर’ वाहन उभे असते. महिंद्राची थार २०१० मध्ये आली, २०२० मध्ये तिची नवी आवृत्ती निघाली आणि २०२३ मध्ये मारुतीची जिम्नी बाजारात उतरली. तरुण पिढीच्या आग्रहाने म्हणा अथवा शेतरस्त्यांच्या गरजेने म्हणा, ही वाहने तालुक्याच्या गावी रुळली आहेत.

असे वाहन घेताना घरात महिनाभर चर्चा होते. रंग, हप्ता, विमा, कोणाच्या नावावर घ्यायचे, सर्व काही तोलून पाहिले जाते. परंतु तीन-चार वर्षांनी त्याच वाहनाचे टायर झिजतात, तेव्हा निर्णय बहुधा दुकानाच्या पायरीवर उभ्या-उभ्या होतो. रिम कंपनीचीच ठेवायची, फक्त टायर नवे घ्यायचे, यात विचार करण्यासारखे काय आहे, असे वाटते. मग शेजाऱ्याच्या गाडीवरचे रुंद, दातेरी टायर डोळ्यांसमोर येतात आणि तसेच बसवून घेतले जातात. वाहन आणि रस्ता यांचा संबंध चार तळहातांएवढ्या जागेत येतो. सगळे कुटुंब आत बसलेले असताना त्याचा भार त्या चार तळहातांवर असतो. म्हणून या खरेदीला, दागिन्याच्या खरेदीइतका नव्हे तरी, रोकडवहीच्या ताळमेळाइतका वेळ देणे योग्य ठरेल.

टायरवर काय लिहिलेले असते

हुंडीवरील प्रत्येक अक्षराला जसा अर्थ असतो, तसाच टायरच्या बाजूवर उमटविलेल्या अक्षरांनाही असतो. थारच्या सोळा इंची रिमवर येणाऱ्या टायरचे उदाहरण घेऊ. त्यावर २४५/७५ आर १६ असे लिहिलेले असते. २४५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ हा आकडा टक्केवारीचा आहे. रुंदीच्या ७५ टक्के इतकी टायरच्या बाजूची उंची, म्हणजे सुमारे १८४ मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी आणि १६ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. हे सर्व जुळवले की टायरचा एकूण व्यास निघतो: दोन बाजूंची उंची ३६७.५ आणि रिमचे ४०६.४, मिळून सुमारे ७७४ मिलिमीटर.

याच थारच्या वरच्या श्रेणीत अठरा इंची रिम व २५५/६५ आर १८ टायर येतो. त्याचा व्यास सुमारे ७८९ मिलिमीटर भरतो. जिम्नीचा टायर १९५/८० आर १५ असून त्याचा व्यास ६९३ मिलिमीटर आहे. एकाच नावाच्या वाहनातही श्रेणीनुसार माप बदलते. तेव्हा ‘थारचे टायर द्या’ असे सांगून भागत नाही. आपल्या गाडीचे माप चालकाच्या दरवाजाजवळील पट्टीवर आणि मालकासाठीच्या पुस्तिकेत छापलेले असते. तेच प्रमाण मानावे. गाडी जुनी घेतलेली असेल तर सध्या बसलेल्या टायरवरून माप ठरवू नये. पहिल्या मालकाने काय बसविले असेल याचा भरवसा नसतो.

मापापुढे आणखी एक संख्या व अक्षर असते. संख्या भाराची आणि अक्षर वेगाचे. भाराच्या कोष्टकात १०५ म्हणजे एका टायरवर ९२५ किलो, १०८ म्हणजे १००० किलो, ११२ म्हणजे ११२० किलो. अक्षरांपैकी क्यू म्हणजे ताशी १६० किलोमीटर, एस म्हणजे १८०, टी म्हणजे १९० आणि एच म्हणजे २१०. नवा टायर घेताना हे दोन्ही अंक कंपनीने दिलेल्या टायरपेक्षा कमी असता कामा नयेत. व्यापाऱ्याच्या गाडीत मागील आसन दुमडून दोन-चार पोती टाकण्याचा प्रसंग येतोच. माप बरोबर, नक्षी देखणी, पण भारांक कमी असा टायर स्वस्त मिळाला, तर ती बचत नव्हे. पुढे येणाऱ्या खर्चाची ती उचल होय.

मोठ्या टायरचा हिशेब

रिम तीच ठेवून टायर तेवढा मोठा बसविण्याची हौस सर्वत्र दिसते. गाडी उंच दिसते, खड्ड्यांचे भय कमी वाटते. हा समज आकड्यांवर पारखून पाहावा.

२४५/७५ आर १६ च्या जागी २६५/७५ आर १६ बसविला, तर व्यास ७७४ वरून ८०४ मिलिमीटर होतो. वाढ तीस मिलिमीटरची. परंतु जमिनीपासूनची उंची व्यासाच्या निम्म्याने वाढते, म्हणजे केवळ पंधरा मिलिमीटर. बोटाच्या रुंदीएवढ्या उंचीसाठी हा खटाटोप असतो. उलट बाजूला, चाकाचा घेर जवळजवळ चार टक्क्यांनी वाढतो. वेगमापकाला चाकाच्या फेऱ्या तेवढ्या कळतात, घेर कळत नाही. त्यामुळे पूर्वी अचूक असलेला काटा ८० दाखवीत असताना गाडी प्रत्यक्षात ८३ च्या वेगाने धावत असते. २८५/७५ आर १६ बसविला, तर व्यास ८३४ मिलिमीटर होऊन फरक पावणेआठ टक्क्यांवर जातो. काट्यावर ८० असताना प्रत्यक्ष वेग ८६ होतो. किलोमीटरची नोंदही त्याच प्रमाणात खोटी ठरते. दहा हजारांची नोंद झाली तेव्हा गाडी पावणेअकरा हजार चाललेली असते, आणि तेल बदलण्यापासून मायलेजपर्यंतचे सर्व हिशेब चुकत जातात.

यापुढची अडचण रिमच्या रुंदीची. रिमवर ‘७ जे × १६’ असे कोरलेले असेल, तर ७ ही तिची रुंदी इंचांत आणि जे हा तिच्या कडेचा आकार. प्रत्येक टायरला किमान व कमाल किती रुंदीची रिम चालते याचे प्रमाण ठरलेले असते. २४५/७५ आर १६ साठी सात इंची रिम अगदी योग्य बसते. २६५/७५ ला ती जेमतेम चालते. २८५/७५ ला किमान साडेसात इंचांची रिम लागते. सातच्या रिमवर तो बसविल्यास टायरचा मध्य फुगतो, कडा रस्त्याला नीट टेकत नाहीत आणि वळणावर गाडी झुलते. दुकानदाराने तो चढवून दाखविला म्हणजे तो योग्य झाला असे नाही. हवेच्या दाबाने बरेच काही चढविता येते.

शिवाय मोठा टायर जड असतो. त्याला फिरविण्यास इंजिनाला अधिक श्रम पडतात, थांबविण्यास ब्रेकला अधिक श्रम पडतात, आणि स्टिअरिंग पूर्ण वळविल्यावर तो चाकाच्या कमानीला किंवा आतील भागांना घासण्याचा संभव असतो. कंपनीने ब्रेक, गिअर आणि स्प्रिंगा यांचे गणित एका ठराविक व्यासावर मांडलेले असते. त्या गणितातील एकच संख्या बदलून बाकीची तशीच ठेवली, तर उत्तर चुकणारच.

चारही चाके एका घेराची

साध्या मोटारीत आणि चारचाकी शक्तीच्या वाहनात टायर बदलताना एक महत्त्वाचा भेद आहे, आणि तो अनेकांच्या ध्यानात येत नाही. साध्या मोटारीत पुढचे दोन टायर अधिक झिजले, तर केवळ दोन बदलण्याची रीत आहे. फोर बाय फोरमध्ये तसे करण्यापूर्वी थांबावे.

थार किंवा जिम्नीसारख्या वाहनात एरवी फक्त मागील चाके गाडी ढकलतात. चालकाने दांडा ओढून चारही चाकांना शक्ती दिली की पुढील व मागील आस एकमेकांशी घट्ट जोडले जातात. दोहोंना सारख्याच फेऱ्या घ्याव्या लागतात. आता समजा, पुढे नवे टायर आहेत आणि मागे बरेच झिजलेले. झिजेत सहा मिलिमीटरचा फरक असेल, तर व्यासात बारा मिलिमीटरचा फरक पडतो. कागदी हिशेबाने ७७४ मिलिमीटरचे चाक एका किलोमीटरला सुमारे ४११ फेऱ्या घेते आणि ७६२ मिलिमीटरचे सुमारे ४१८. दर किलोमीटरला सहा-सात फेऱ्यांची ही तफावत कोठेतरी जिरली पाहिजे. चिखलात चाके घसरतात, तेथे ती जिरते. डांबरी रस्त्यावर चाके घसरू शकत नाहीत, म्हणून तो ताण दांडे, गिअर आणि जोड यांच्यात साठत जातो. स्टिअरिंग जड लागणे, गाडी अडखळणे, दांडा जागचा न हलणे ही त्याची लक्षणे होत. या यंत्रणेची दुरुस्ती दोन टायरांच्या किमतीत होत नाही.

म्हणून चारही टायर एकाच वेळी, एकाच कंपनीचे, एकाच मापाचे व एकाच नक्षीचे घ्यावेत. एखादा टायर अकाली फाटला आणि उरलेले बऱ्या स्थितीत असतील, तर झिजेत किती फरक चालेल हे पुस्तिकेत पाहावे. स्टेपनीचाही विचार याच वेळी करावा. ती इतर चाकांच्याच मापाची असेल, तर पाच टायर घेऊन दर आठ-दहा हजार किलोमीटरला पाचही चाकांची जागा बदलावी. सर्व टायर सारखे झिजतात आणि अडचणीच्या वेळी हाती येणारी स्टेपनी बाकीच्यांशी जुळते. स्टेपनी लहान मापाची असेल, तर तिला या फेरबदलात घेऊ नये. ती केवळ पंक्चरच्या दुकानापर्यंत पोहोचण्यासाठी आहे, आणि ती लावलेली असताना चारही चाकांना शक्ती देणे टाळावे.

रस्त्याची खतावणी

माप ठरले की प्रश्न उरतो नक्षीचा. बाजारात ढोबळ मानाने तीन प्रकार मिळतात. एच/टी हा प्रामुख्याने डांबरी रस्त्यासाठीचा; त्याची नक्षी बारीक, आवाज कमी, ओल्या रस्त्यावरील पकड चांगली. ए/टी हा सर्व प्रकारच्या रस्त्यांसाठीचा; त्याचे ठोकळे मोठे, खाचा रुंद, बाजू जाड. एम/टी हा चिखलासाठीचा. त्याचे ठोकळे सुटे-सुटे व खोल, चिखल बाहेर फेकण्यास उत्तम, पण डांबरावर गुरगुरणारा आणि लवकर झिजणारा.

यांपैकी कोणता घ्यावा हे ठरविण्याचा मार्ग व्यापारी घराण्यांना शिकविण्याची गरज नाही. वर्षभराचा प्रवास खात्यावार मांडला की उत्तर आपोआप समोर येते. कोरेगावातील एका भुसार व्यापाऱ्याचे वर्ष डोळ्यांसमोर आणू. सातारा सुमारे वीस किलोमीटर. बँक, कचेरी, दवाखाना, शिकवणी यांसाठी आठवड्यातून तीन खेपा. वर्षाचे सहा हजार किलोमीटर झाले. रहिमतपूर, वाठार स्टेशन, पुसेगाव या बाजूंच्या डांबरी रस्त्यांवर व्यापाराच्या निमित्ताने साडेचार हजार. पुण्या-सांगलीचे नातेवाईक, लग्नकार्ये आणि तीर्थयात्रा मिळून चार हजार. आता राहिले ते शेतरस्ते. या तालुक्याच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पावसाळ्याच्या अखेरीस त्याची काढणी सुरू होते आणि व्यापारी माल पाहायला खळ्यापर्यंत जातो. ओला मुरूम, काळी माती, ओढ्यातील दगडगोटे असा तो रस्ता असतो. अशा सगळ्या फेऱ्या धरूनही पाचशे किलोमीटर होतील. एकूण पंधरा हजारांत पाचशे, म्हणजे शंभरात साडेतीनही नाहीत.

या साडेतीनांसाठी उरलेल्या साडेशहाण्णवांची सोय बिघडवावी काय, असा हा प्रश्न आहे.

पैशांचा हिशेबही मांडून पाहता येतो. येथील किमती आणि आयुर्मान केवळ रीत समजण्यासाठी गृहीत धरले आहेत. प्रत्यक्ष भाव प्रत्येकाने दुकानात विचारावेत. समजा, एच/टी टायर नऊ हजारांचा असून ५०,००० किलोमीटर चालतो. चारांचे ३६,००० रुपये. किलोमीटरला ७२ पैसे. ए/टी अकरा हजारांचा आणि ४०,००० किलोमीटर चालणारा. चारांचे ४४,००० रुपये, किलोमीटरला एक रुपया दहा पैसे. एम/टी तेरा हजारांचा आणि ३०,००० किलोमीटर चालणारा. चारांचे ५२,००० रुपये, किलोमीटरला एक रुपया त्र्याहत्तर पैसे. पंधरा हजार किलोमीटरच्या वर्षाला हा खर्च अनुक्रमे १०,८००, १६,५०० आणि २६,००० रुपये येतो. पहिल्या व तिसऱ्यात वर्षाला पंधरा हजारांहून अधिक अंतर पडते, आणि जड टायरमुळे जळणारे जादा इंधन यात धरलेलेच नाही.

पैशांपलीकडची बाब अधिक गंभीर आहे. जैन कुटुंबांचा लांबचा प्रवास पुष्कळदा चातुर्मासातच घडतो. साधू-साध्वी एका ठिकाणी स्थिरावलेले असतात, त्यांच्या दर्शनाला जाणे होते. पर्युषण आणि दशलक्षण पर्व भाद्रपदात येते. कोणी कराडमार्गे महामार्गाने कुंभोज-बाहुबलीला जातो, कोणी दहिवडी-शिंगणापूरच्या बाजूने नातेपुत्याजवळील दहिगावच्या अतिशय क्षेत्री. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे कुटुंब एकाच गाडीत असते, रस्ता डांबरी असतो आणि वर पाऊस असतो. वर्धनगडाचा घाट असो वा महामार्गाचा उतार, अशा वेळी लागणारी पकड ही ओल्या डांबरावरची पकड असते. चिखलाच्या टायरचे मोठे, सुटे ठोकळे डांबराला कमी जागेवर टेकतात आणि त्यांचे रबर बहुधा ओल्या डांबरासाठी बनविलेले नसते. ज्या दिवशी सर्वाधिक माणसे गाडीत असतात, त्याच दिवशी तो टायर सर्वांत दुबळा ठरतो.

चारही चाकांना शक्ती मिळाली म्हणजे गाडी अधिक सुरक्षित झाली, हा गैरसमजही येथेच दूर व्हावा. ती शक्ती गाडी पुढे नेण्यास साह्य करते. थांबण्यास करीत नाही. थांबताना साध्या मोटारीचीही चारही चाके ब्रेकखाली असतात आणि फोर बाय फोरचीही. तेथे भेद करतो तो टायर. ताशी ८० च्या वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. चालकाचा पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंतच एवढे अंतर सरते, आणि त्यानंतर सारे काही रबर व रस्ता यांच्या हाती असते. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉलीतून पडलेल्या मोळ्या आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेला चिखल ज्यांनी रात्री पाहिला आहे, त्यांना हे अधिक सांगणे नलगे.

याचा अर्थ ए/टी टायर निरुपयोगी आहे असा नव्हे. ज्यांचे शेतघर माळावर आहे, ज्यांना खडीच्या वा मुरमाच्या रस्त्याने रोज जावे लागते, खतांच्या व्यापारानिमित्त जे आठवड्यातून चार दिवस बांधावर असतात, त्यांच्यासाठी तोच योग्य. सह्याद्रीतील काळ्या दगडाच्या धारेने एच/टी टायरची पातळ बाजू कापली जाऊ शकते, आणि बाजूला झालेली जखम दुरुस्त होत नाही. प्रवासाचा पाचवा-सहावा हिस्सा कच्च्या रस्त्यावर असेल, तर ए/टी घेणे शहाणपणाचे आहे. मात्र ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणारा ए/टी निवडावा. एम/टीची गरज भासणारा व्यापारी कोरेगावात क्वचितच सापडेल. पाचशे किलोमीटरच्या शेतरस्त्यासाठी चारचाकी शक्ती, सावकाश चाल आणि वेळप्रसंगी दोन पावले चालत जाण्याची तयारी एवढे पुरे.

कायदा आणि विमा

टायर ही खासगी हौशीची बाब राहिलेली नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ९४ व्या नियमानुसार मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल असू नये. फुगवटा आलेला किंवा आतील धागे उघडे पडलेला टायर रस्त्यावर आणता येत नाही. खाचांच्या तळाशी ठिकठिकाणी लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायरचे आयुष्य संपले असे समजावे. पावसाळ्याच्या तोंडावर मात्र इतके थांबू नये. खाचा उथळ झाल्या की पाणी बाहेर फेकले जात नाही आणि गाडी पाण्याच्या थरावर तरंगू लागते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमान्वये वाहनात उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधील निर्णयात हे तत्त्व अधोरेखित केले आहे. मापाबाहेरचे टायर कमानीबाहेर आलेले असतील, तर दंडाचा प्रश्न उद्भवू शकतो. त्याहून मोठी चिंता विम्याची. अपघातानंतर सर्वेक्षक गाडी पाहतो, तेव्हा कंपनीने न दिलेले माप त्याच्या नोंदीत येते. दाव्याच्या वेळी असा वाद अंगावर ओढवून घेण्याचे कारण नाही. बदल करायचाच असेल, तर कंपनीने त्याच गाडीच्या अन्य श्रेणीत दिलेल्या मापापुरता, अधिकृत केंद्राकडून लेखी विचारून आणि विमा कंपनीला कळवून करावा.

दुकानात गेल्यावर

टायरच्या बाजूवर लंबगोलात चार अंक असतात. ‘२३२४’ असे असेल, तर तो २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला. दुकानात पडूनही रबर म्हातारे होते; म्हणून शक्यतो अलीकडच्या महिन्यांतील टायर मागावा आणि चारही टायरांचे अंक पाहावेत. ज्यांची गाडी कमी चालते, त्यांनी नक्षी शिल्लक असली तरी वयाकडे दुर्लक्ष करू नये. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहाव्या वर्षी, टायर कसाही दिसत असला तरी, निवृत्ती असा सल्ला अनेक टायर कंपन्या देतात. स्टेपनीलाही तोच न्याय लागू.

आय.एस.आय. चिन्ह पाहावे, भारतात मोटारीच्या टायरांना ते सक्तीचे आहे. २०२२ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन ओल्या रस्त्यावरील पकड, घरंगळण्यातील अवरोध आणि आवाज यांसाठीही प्रमाणे ठरली आहेत. दुकानदाराला यांविषयी विचारण्यास संकोचू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुन्या छापील दरावर घासाघीस करण्यापेक्षा करासह पक्के बिल आणि हमीपत्र घ्यावे. बिलाविना मिळालेली सूट हमीच्या वेळी महाग पडते. मोटारीसाठी रिमोल्ड केलेला टायर स्वस्त मिळाला तरी नाकारावा.

आहारातील घटकांविषयी दक्ष असलेल्या वाचकांना आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. रबर पक्के करताना स्टिअरिक आम्ल वापरले जाते, आणि ते वनस्पतितेलापासून तसेच प्राणिज चरबीपासूनही तयार होते. ज्यांना हे महत्त्वाचे वाटते, त्यांनी खरेदीपूर्वी कंपनीच्या ग्राहक विभागाकडे लेखी विचारणा करावी. दुकानदाराच्या तोंडी उत्तरावर विसंबू नये.

टायर बसविताना व्हॉल्व्ह नवे घालावेत, बॅलन्सिंग व अलाइनमेंट करून घ्यावे. हवा किती भरावी हे दरवाजाजवळील पट्टी सांगते, आणि तो आकडा टायर थंड असतानाचा असतो. टायरच्या बाजूवर छापलेला कमाल दाब हा रोज भरण्याचा दाब नव्हे. महिन्यातून एकदा, स्टेपनीसह, हवा तपासणे हा टायरचे आयुष्य वाढविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. काळ्या मातीत गाडी रुतू लागली आणि हवा थोडी कमी केली, तर डांबरावर येताच ती पूर्ववत भरावी. कमी हवेवर वेगाने धावलेला टायर आतून तापून फुटतो.

श्रावकाच्या गुणव्रतांत अनर्थदंडाचा त्याग सांगितला आहे. प्रयोजनाशिवाय केलेली, स्वतःला वा इतर जीवांना पीडा देणारी कृती म्हणजे अनर्थदंड. गरजेपेक्षा रुंद टायर, त्यापायी जळणारे इंधन, लवकर झिजून रस्त्याकडेला साठणारे रबर आणि थांबताना वाढलेले अंतर यांना प्रयोजन नसेल, तर ती त्याच जातीची कृती ठरते. मुनींच्या ईर्यासमितीत पुढील चार हात जमीन पाहून पाऊल टाकण्याचा नियम आहे. ताशी ऐंशीच्या वेगाला चार हात पुरत नाहीत. तेथे पुढील पन्नास-साठ मीटर पाहावे लागतात, आणि पाहिल्यानंतर थांबताही यावे लागते.

येत्या पावसाळ्यापूर्वी ज्यांच्या गाडीचे टायर बदलायचे आहेत, त्यांनी रविवारी अर्धा तास काढावा. दरवाजाजवळील पट्टीवरचे माप, भारांक आणि हवेचा दाब एका कागदावर उतरवावा, त्याखाली वर्षभरातील डांबरी व कच्च्या रस्त्यांचे किलोमीटर मांडावेत, आणि तो कागद घेऊनच दुकानाची पायरी चढावी.